आग रामेश्वरीं, बंब सोमेश्वरीं

मुंबईंत एखाद्या सकाळीं नळाला पाणी आलें नाहीं म्हणजे गृहिणी प्रथम तोटी फिरवून पाहते, मग इमारतीच्या टाकीची चौकशी करते. तानसा तलाव तिच्या ध्यानींमनींहि नसतो. वास्तविक 1892 सालापासून तानसाचें पाणी शहापूर तालुक्यांतून मुंबईला येत आहे, आणि भातसा धरणहि त्याच तालुक्यांत आहे. धरणापासून तोटीपर्यंत जलवाहिन्या, शुद्धीकरणकेंद्र, जलाशय व झडपा यांची लांबच लांब सांखळी असते. कोरडी पडते ती तोटी. परंतु बिघाड तोटींतच असतो असें नव्हे. हा साधा विचार ज्याच्या मनांत ठसला, त्याला संगणकाच्या एका आधुनिक कोड्याची निम्मी उकल झालीच म्हणून समजावें.

पूर्वीं मोठा प्रोग्राम जुन्या वाड्यासारखा बांधीत. सारे व्यवहार एका छपराखालीं चालत. एक खांब बदलावयाचा तर सबंध वाडा हलवावा लागे. पुढें मोठमोठ्या कंपन्यांनीं हा वाडा मोडून स्वतंत्र बिऱ्हाडें थाटलीं. एक सेवा मालाची यादी सांगते, दुसरी गिऱ्हाइकाची टोपली सांभाळते, तिसरी पैसे घेते, आणि सर्वजणी एकमेकींना निरोप पाठवून कामें उरकतात. या रचनेला मायक्रोसर्व्हिसेस, म्हणजे सूक्ष्मसेवा, म्हणतात. जेम्स लुईस व मार्टिन फाउलर यांच्या 2014 सालच्या लेखामुळें हें नांव सर्वतोमुखीं झालें. ही रचना शिकणाऱ्यांना हाताळावयास मिळावी म्हणून गूगलनें 2018 सालीं एक नमुन्याचें दुकान खुलें केलें. त्याचें आजचें नांव ऑनलाईन बुटीक. दुकान खोटें, विक्री खोटी. परंतु त्यांतील अकरा सेवा खऱ्या, व निरनिराळ्या संगणकभाषांत लिहिलेल्या. हा प्रोग्राम मुक्तस्रोत आहे; अर्थात् कोणीहि तो फुकट घ्यावा, उघडून पाहावा, बदलावा, आणि आपल्या संगणकावर मांडून शिकावें.

मांडून शिकावें, हें सांगावयास सोपें आहे. माळशेज घाटाच्या वाटेवरील मुरबाड तालुक्यांतला एखादा विद्यार्थी डोळ्यांपुढें आणावा. संगणक आठ गिगाबाईट मेमरीचा, इंटरनेट मोबाईलवरचें व दिवसाच्या मापानें मिळणारें, आणि पावसाळ्यांत वीज केव्हां जाईल याचा नेम नाहीं. सूचनापत्रांतील प्रत्येक आज्ञा त्यानें अक्षरशः पाळली. डॉकर बसला, मिनिक्यूब सुरू झाला. पण ब्राउझरमध्यें दुकानाऐवजीं 500 हा चुकीचा आंकडा झळकला. त्यानें सर्व पुसून पहिल्यापासून मांडलें. पुन्हां 500. तिसऱ्या खेपेस दिवसाचा डेटा संपला, आणि मन म्हणूं लागलें कीं, हें काम शहरांतल्या मुलांचें. येथें नुकसान दुकानाचें नाहीं. एका होतकरू मुलाचा आपल्या बुद्धीवरील विश्वास जातो, तें खरें नुकसान. आणि तेंहि विनाकारण. त्याची चूक एवढीच कीं, आग रामेश्वरीं लागली असतां त्यानें बंब सोमेश्वरीं नेला.

500 हा आंकडा दाखविते ती दर्शनी सेवा. पहिलें पान मांडण्यापूर्वीं ती चलनांची यादी, मालाची यादी व गिऱ्हाइकाची टोपली या तिन्ही गोष्टी मागविते. यांपैकीं एकीनें जरी उत्तर दिलें नाहीं, तरी दर्शनी सेवेला हात टेकावे लागतात. उलट जाहिरातींची सेवा गप्प राहिली तर पान जाहिरातीवांचून उघडतें. विक्री अडत नाहीं. म्हणजे ओरडणारी सेवा बहुधा निर्दोष असते. दुखणें मागें कोठेंतरी असतें.

म्हणून पहिला नियम असा कीं, पुसूं नये, पाहावें. कुबर्नेटीज हा या सेवांचा मुकादम आहे. त्याच्यापाशीं हजेरीपट असतो, व कोणती सेवा उभी आहे, कोणती नाहीं, हें तो एका आज्ञेसरशीं सांगतो. त्या हजेरीपटांत मुख्यतः तीन दुखणीं आढळतात.

पहिलें दुखणें इमेजपुलबॅकऑफ. याचा अर्थ, सेवेचा गठ्ठा दुरून पोंचलाच नाहीं. येथें प्रोग्राम निर्दोष आहे. वाट खराब आहे. गठ्ठा थराथरांनीं उतरतो, व जे थर पूर्ण उतरले ते पुन्हां आणावे लागत नाहींत. सर्व पुसणारा मात्र ही पुंजी स्वतःच्या हातानें उधळतो. याहून बरा मार्ग म्हणजे कल्याणला चांगल्या जोडणीवर बसलेल्या मित्रानें सर्व गठ्ठे एका फायलींत बांधून पेनड्राइव्हवर द्यावे, आणि ते एस.टी.नें मुरबाडला यावे. डॉकरमध्यें अशा बांधण्याची व सोडण्याची सोय मुळांतच आहे. मात्र सोडलेला गठ्ठा मिनिक्यूबच्या घरांत वेगळा पोंचवावा लागतो, हें विसरूं नये.

दुसरें दुखणें मेमरीचें. सेवा उभी राहते, क्षणांत कोसळते, आणि मागें 137 हा आंकडा ठेवते. हा आंकडा 128 व 9 यांची बेरीज आहे. नऊ क्रमांकाचा संकेत म्हणजे तत्काळ मृत्यूची आज्ञा. जागा पुरली नाहीं म्हणून ती बहुधा दिलेली असते. सूचनापत्र या दुकानाकरितां मिनिक्यूबला चार गाभे व चार गिगाबाईट मेमरी द्या, असें सांगतें. आठांपैकीं चार गेल्यावर उरलेल्यांत संगणकाचा स्वतःचा संसार व उघडीं ठेवलेलीं ब्राउझरचीं पानें मावावयाचीं असतात. म्हणून अनावश्यक पानें मिटावीं. खोटीं गिऱ्हाइकें पाठवून गर्दी करणारी सेवा प्रथम बंद ठेवावी. जाहिरातींवांचूनहि चालतें, हें वर आलेंच आहे. आधीं घर उभें करावें, तोरणें मागाहून.

तिसरें दुखणें क्रॅशलूपबॅकऑफ. सेवा उठते, पडते, पुन्हां उठते. अशा वेळीं चालू लॉग वाचून उपयोग थोडा. पडण्यापूर्वींच्या खेपेचा लॉग मागवावा. आणि तोहि शेवटून वाचूं नये. पहिली तक्रार शोधावी. नंतरच्या शंभर ओळी हा बहुधा पहिलीचाच आक्रोश असतो. टोपलीची सेवा आपला माल रेडिस नांवाच्या कोठारांत ठेवते. कोठारच उभें नसेल तर टोपलीनें काय करावें? नवशिक्यांची आणखी एक नित्याची चूक पत्त्याची. शेजारच्या सेवेच्या पत्त्यावर ते लोकलहोस्ट असें लिहितात. परंतु कंटेनरच्या आंत या शब्दाचा अर्थ तोच कंटेनर. म्हणजे स्वतःच्याच घरांत उभें राहून शेजाऱ्याला हाक मारणें. सर्व सेवा ठीक असूनहि दुकान दिसेना, तर 8080 हें पोर्ट दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामनें अडविलें आहे काय, तें पाहावें.

तपास मुळाकडून तोटीकडे करावा, एका वेळीं एकच बदल करावा, आणि तो वहींत टिपावा. एवढी शिस्त पाळली तर पुष्कळदां अर्धा दिवस पुरतो.

ती वहीच पुढें मोलाची ठरते. सूचनापत्र लिहिणाऱ्यानें लबाडी केलेली नसते; अखंड वीज, वेगवान इंटरनेट व मोठा संगणक त्यानें गृहीत धरलेला असतो, इतकेंच. मुक्तस्रोताची खरी खूण फुकटेपणाची नाहीं. त्या सूचनापत्रांत दुरुस्ती सुचविण्याचा अधिकार मुरबाडच्या विद्यार्थ्यालाहि आहे, ही आहे. आपला संगणक कोणता, पहिली तक्रार कोणती, आणि कशानें गुण आला, या तीन गोष्टी त्यानें लिहून धाडाव्या.

शहापूर तालुक्यांतून मुंबईचें पाणी जातें, आणि त्याच तालुक्यांतील कित्येक पाडे उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहतात. विद्येच्या जलवाहिन्याहि गांवांवरून जात असतात. त्यांना गांवांत तोटी बसवावयाची, तर पाणी कोठें अडलें हें गांवांतल्याच कोणीतरी शोधून लिहून ठेवलें पाहिजे.