आधी नद्या काढा



"कशावरही बोल, फक्त कॉम्प्युटरवर नको," अशी संयोजकांची ताकीद आहे. म्हणून कॉलऱ्यावर बोलते. आपल्या आज्या त्याला पटकी म्हणायच्या.

१२ जानेवारी २०१० रोजी हैती देशात भूकंप झाला. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स कोसळली आणि मदतपथकांकडे धड नकाशाही नव्हता. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा एक खुला नकाशा आहे. उपग्रहाचे फोटो बघून त्यात कुणीही घरबसल्या रस्ते काढू शकतं. जगभरातल्या शेकडो लोकांनी ते काम केलं. ऑफिसातून आल्यावर रात्री मीही बसायचे. राजधानीतल्या गल्ल्या काढल्या, तंबूंच्या वसाहती काढल्या. साथ आलीच तर या तंबूंत येईल, असं वाटत होतं.

साथ ऑक्टोबरमध्ये आली, पण भूकंपाची फारशी झळ न लागलेल्या ग्रामीण भागात, आर्तिबोनित नदीच्या काठाकाठाने. तिथले लोक नदीचंच पाणी प्यायचे, त्यावरच भात पिकवायचे. नकाशा भरताना आपल्या भूगोलाच्या बाई सांगायच्या, "आधी नद्या काढा, गावं मग." आणि मी महिनाभर रस्ते काढत बसले होते!

त्याआधी शंभर वर्षांत हैतीत कॉलऱ्याची नोंद नव्हती. मग तो आला कुठून? कुणी हवामानाकडे बोट दाखवलं. कुणी म्हणालं, उगम कसला शोधता, आधी रोगी वाचवा. हे वाक्य मी ऑफिसातही ऐकते: चूक कुणाची ते नंतर बघू, आधी सिस्टिम सुरू करा. ते निम्मंच खरं असतं. फ्रेंच साथरोगतज्ज्ञ रेनो पियारू यांनी पहिल्या रुग्णांची गावं आणि तारखा लावत माग काढला. तो मिरबाले गावाजवळच्या एका ओढ्यापाशी पोचला. काठावर संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतल्या नेपाळी तुकडीची छावणी होती आणि तिथला मैला ओढ्यात जात होता. पुढे जंतूंची जनुकंही नेपाळमधल्या जंतूंशी जुळली. संयुक्त राष्ट्रांनी माफी मागितली ती डिसेंबर २०१६ मध्ये; तोवर नऊ हजारांवर माणसं गेली होती. ज्या आजारात वेळेवर मीठ-साखरेचं पाणी, गरज पडली तर सलाईन मिळालं की शंभरातला एकही सहसा दगावत नाही, त्या आजाराने.

साथ आटोक्यात आणण्यात मोठा वाटा होता फिरत्या पथकांचा. रुग्ण कळला की पत्ता विचारायचा, लगेच घर गाठायचं. त्या घरात आणि शेजारीपाजारी साबण, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, औषध द्यायचं. २०१९ च्या सुरुवातीनंतर तीन वर्षांहून जास्त काळ एकही रुग्ण नव्हता.

सप्टेंबर २०२२ मध्ये सशस्त्र टोळ्यांनी इंधनाचं मुख्य केंद्र अडवलं. डिझेल नाही, म्हणून पाणी नाही. ऑक्टोबरमध्ये कॉलरा परत आला. आम्ही काढलेले रस्ते नकाशात होते, पण अनेक वस्त्यांत पथकांना शिरताच येत नव्हतं.

जेवण तयार असल्याची खूण मागून होते आहे. थांबते.