दोन तोट्या, चौदा कप्पे

कोंढव्यातल्या आमच्या घरी अम्मीच्या आंघोळीचं पाणी लावून देणं हे माझं काम. गरम तोटी वाढवली की पाणी तापतं, पण धारही वाढते. मग थंड वाढवावी, तर पाणी कोमट आणि धार आणखीच मोठी. त्यात कुणी स्वयंपाकघरातला नळ सोडला की थंड पाण्याचा जोर ओसरतो, आणि अम्मीच्या पाठीला चटका!

इंजिनिअर भाचा म्हणाला, "मामू, तोट्या जोडीनं फिरवा. पाणी ऊन हवं तर गरम जेवढी उघडाल तेवढी थंड मिटा. धार मोठी हवी तर दोन्ही एकाच प्रमाणात उघडा." याला म्हणे डीकपलिंग म्हणतात. मी बी. ए.चा माणूस, मी गुंता सोडवणं म्हणतो. मात्र हा सरळ हिशेब थोड्या फरकापुरताच खरा. शिवाय आपला हात फक्त धारेखाली. गिझरच्या पोटात काय चाललंय ते दिसत नाही. बाहेर येईल त्यावरूनच तोटी फिरवायची. हा आउटपुट फीडबॅक.

भाच्यानं मग तारापूरचं उदाहरण दिलं. तिथल्या ५४० मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्या २००५ आणि २००६ मध्ये वीज देऊ लागल्या. भट्टी एवढी मोठी, की एकूण शक्ती तेवढीच राहूनही आत एकीकडे आच वाढते, दुसरीकडे मंदावते. दोष झेनॉनचा. अणू फुटून आयोडीन होतं, त्याचं काही तासांनी झेनॉन, आणि ते न्यूट्रॉन गिळतं. मंदावलेली बाजू त्यामुळे आणखी मंदावते; पुढे काही तासांनी पारडं उलटतं. आवरलं नाही तर एका बाजूचं इंधन मर्यादेबाहेर तापेल.

त्यासाठी भट्टीत साध्या पाण्याचे १४ कप्पे आहेत. पाणी चढलं की तिथली आच उतरते, पण शेजारच्या कप्प्यालाही झळ लागतेच. एकूण शक्ती बदलायची तर सगळ्या कप्प्यांत पाणी सारखं हलवायचं. कल सावरायचा तर एकीकडे चढवायचं, दुसरीकडे उतरवायचं. अम्मीच्या तोट्याच की! झेनॉन थेट मोजता येत नाही. न्यूट्रॉनांच्या मोजणीवरूनच सगळं ठरवायचं. मुंबईच्या आयआयटीतल्या आणि भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या संशोधकांनी २००० च्या आसपास नेमकं याच प्रश्नावर काम केलं.

आमच्याकडे शेवटी प्लंबरनं गच्चीवरच्या टाकीपासून न्हाणीघराला वेगळा पाइप टाकून दिला. न्यूट्रॉनांना असा वेगळा पाइप टाकता येत नाही. अम्मी मात्र अजूनही आत जाण्याआधी ओरडतेच, "कुणी नळ सोडू नका रे!"