रेडिओ निघाला कोईमतूरला

श्रोतेहो, रेडिओवरून रेडिओबद्दल बोलायचे म्हणजे घरच्याच माणसाची गोष्ट सांगण्यासारखे आहे. पण आज मी गाण्यांच्या आठवणी सांगायला बसलेलो नाही. आमच्या नागोठण्याच्या घरातला व्हॉल्व्हचा मर्फी रेडिओ मी विकला आणि कोईमतूरला सुखरूप पोचवला, त्याची ही हकीकत आहे. यातला कठीण भाग कुठला, असे विचाराल तर विकणे नव्हे; पोचवणे.

मर्फी मुळात इंग्लंडमधली कंपनी, १९२९ सालची. आपल्याकडे तिचे रेडिओ ठाण्यात तयार होत. मर्फीचे ते गुटगुटीत बाळ अनेकांना अजून आठवत असेल. आमच्या अण्णांनी १९६३ साली हा रेडिओ आणला. लाकडी कॅबिनेट, समोर सोनेरी कापड, काचेच्या डायलवर शहरांची नावे आणि कोपऱ्यात स्टेशन नीट लागले की मिटत येणारा हिरवा डोळा. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एरियलची जाळी. रेडिओला लायसन्स लागे आणि त्याचे पैसे दरवर्षी पोस्टात भरावे लागत, हे आजच्या मुलांना सांगितले तर ती हसतात. बुधवारी रात्री आठ वाजता सिलोनवर बिनाका लागे, तेव्हा आमच्या ओटीवर चपला ठेवायला जागा नसे.

जुलै १९८९ मध्ये अंबा नदीला तो भयंकर पूर आला. जांभूळपाड्यात आणि आमच्या नागोठण्यात त्या पुराने काय केले, हे रायगडातल्या जुन्या माणसांना सांगायला नको. घरात पाणी शिरले तेव्हा अण्णांनी आधी रेडिओ डोक्यावर घेऊन माळ्यावर नेला, मग भाताची पोती नेली. आई यावरून त्यांना पुढे कित्येक वर्षे बोलत असे. तो रेडिओ मग माळ्यावरच राहिला. घरात टीव्ही आला होता. अण्णा गेले. आता जुने घर उतरवायची वेळ आली, आणि आम्हा भावांच्या फ्लॅटमध्ये त्याला जागा नाही.

गिऱ्हाईके दोन आली. अलिबागकडच्या एका रिसॉर्टवाल्याने आठ हजार सांगितले. त्याला आतले सगळे काढून नवा ब्लूटूथ स्पीकर बसवायचा होता. दुसरे गृहस्थ कोईमतूरचे, कापड गिरणीतून निवृत्त झालेले इंजिनिअर. ते स्वतः जुने रेडिओ दुरुस्त करतात. त्यांनी साडेपाच हजार आणि वाहतुकीचा खर्च देऊ केला. मी आईला विचारले. ती म्हणाली, "वाजेल तिथं दे. शोभेला नको." अडीच हजारांचा तोटा असा एका वाक्यात झाला.

मधे एक तिसराही येऊन गेला. फोटो न मागता, भाव न करता घ्यायला तयार! "पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका," म्हणाला. श्रोतेहो, पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो द्यायला. जुनी वस्तू विकणाऱ्या वयस्कर माणसांना याच युक्तीने लुबाडतात. मी फोन ठेवला.

माझा भाचा वायरमन आहे. तो म्हणाला, "मामा, लावून बघू, वाजला तर भाव वाढेल." मी त्याला हात लावू दिला नाही. तीस वर्षे बंद असलेला व्हॉल्व्हचा सेट सरळ प्लगला लावणे म्हणजे त्याचा जीव घेणे. आतले कागदी कंडेन्सर कोकणच्या दमट हवेत खराब होतात आणि त्यांतून वीज झिरपू लागते. मग शेवटचा व्हॉल्व्ह बेसुमार करंट ओढतो आणि पाठोपाठ ट्रान्सफॉर्मर जळतो. जाणकार कारागीर आधी कंडेन्सर बदलतो, नंतर सिरीजमध्ये दिवा जोडून पहिल्यांदा वीज देतो. शिवाय काही स्वस्त सेटना ट्रान्सफॉर्मर नसे, त्यांच्या लोखंडी सांगाड्यातच मेनची वीज उतरू शकते. तेव्हा मी गिऱ्हाइकाला स्पष्ट लिहिले: वाजतो की नाही पाहिलेले नाही, उजवीकडे विनियर सुटले आहे, मागच्या पुठ्ठ्याला वाळवीने दोन ठिकाणी खाल्ले आहे. फोटो आतले आणि बाहेरचे मिळून वीस पाठवले. दोष आधी सांगितले की पुढची भांडणे वाचतात.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. आधी एकदा रोह्याच्या मामांचा बेकेलाइटचा छोटा सेट मी नागपूरला पाठवला होता. वर्तमानपत्रात गुंडाळला, खोक्यात घातला, वर लाल अक्षरांत 'काच, सांभाळून' असे लिहिले आणि कुरियरला दिला. पोचला तेव्हा आतला ट्रान्सफॉर्मर सुटून लोळत होता आणि त्याने जाताजाता दोन व्हॉल्व्ह आणि कॅबिनेटचा कोपरा फोडला होता. पैसे परत केले. भरपाई मागितली, तर पॅकिंग अपुरे असे उत्तर आले. राग आला, पण खोटे नव्हते.

त्या फुटक्या सेटने मला शिकवले की रेडिओला बाहेरचा धक्का जितका मारतो, त्याहून जास्त त्याचे स्वतःचे आतले वजन मारते. खोके खाली पडते तेव्हा कॅबिनेट थांबते, पण ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरचे चुंबक पुढे जाऊ पाहतात. म्हणून या वेळी पहिले काम आतले. सांगाडा ज्या चार बोल्टांवर बसतो त्यांचे रबरी वायसर दगडासारखे झाले होते. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून घातले आणि बोल्ट आवळले. व्हॉल्व्ह सरळ वर ओढून काढले. हलवत, वाकवत काढले तर पिना वाकतात. काचेवरचा नंबर बोटाने पुसला जातो, म्हणून आधी फोटो घेतला, मग कोणता व्हॉल्व्ह कुठल्या जागेचा याची चिठ्ठी प्रत्येकाला दोऱ्याने बांधली आणि सगळे जुन्या सुती साडीच्या तुकड्यांत गुंडाळून वेगळ्या डब्यात ठेवले. हिरव्या डोळ्याचा व्हॉल्व्हही त्यातच.

स्टेशन बदलताना एकमेकांत फिरणाऱ्या पातळ पत्र्यांचा जो गँग कंडेन्सर असतो, तो पूर्ण मिटवून ठेवला. उघडा राहिला तर पत्रे वाकतात आणि मग स्टेशने खरखरतात. बटणे काढली. डायलची काच मात्र पुसली नाही. तिच्यावरची नावे मागच्या बाजूने रंगवलेली असतात, ओला फडका फिरवला की शहरेच्या शहरे पुसली जातात. आतल्या पोकळीत फोमचे तुकडे हलके दाबून भरले.

आंब्याची पेटी भाताच्या पेंढ्यात भरणारी आम्ही माणसे. शेजारच्या काकांनी तोच सल्ला दिला. पण पेंढा दबतो, ओल धरतो आणि त्यातून किडेही जातात. आंबा आठवड्यात खाऊन संपतो, रेडिओचे तसे नाही. पॉलिशवर बबलचे प्लास्टिक थेट लावले तर त्याचे गोल ठसे उमटतात, म्हणून आधी मऊ सुती चादर, मग बबल. ते सगळे पाच प्लायच्या खोक्यात घट्ट. ते खोके सात प्लायच्या मोठ्या खोक्यात, मधे सहाही बाजूंनी दोन-दोन इंच थर्माकोल आणि फोम. हलवून पाहिले, आवाज नाही. कोईमतूरच्या गृहस्थांनी फोनवर विचारले, "हे खोके कमरेच्या उंचीवरून टाकायला तुम्ही धजाल का?" मी थोडा वेळ गप्प बसलो आणि चारही कोपऱ्यांत आणखी फोम घातला.

मग वजनाचा घोळ. रेडिओ अकरा किलो, पॅकिंगसह सोळा. पण कुरियरवाले मोठे खोके असेल तर आकारावरून वजन काढतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुधा ५००० ने भागायचे. माझे खोके ८० बाय ५० बाय ६०. म्हणजे हिशेबाला ४८ किलो! विमा विचारला, तर जुन्या आणि काचेच्या वस्तूंना वगळणारी बारीक अक्षरे त्यांनीच दाखवली. शेवटी पनवेलजवळच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे दिले. त्यांचा ट्रक सरळ कोईमतूरच्या गोदामापर्यंत जातो आणि तिथून ते गृहस्थ स्वतः उचलणार होते. खोके जितक्या कमी हातांतून जाईल तितके बरे. वर लिहिलेल्या लाल अक्षरांवर माझा आता विश्वास राहिलेला नाही. दिवाळीनंतर लगेच पाठवणार होतो, पण तेच म्हणाले की त्यांच्याकडे पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. म्हणून जानेवारीपर्यंत थांबलो. नागोठण्याहून पनवेलपर्यंत खोके टेम्पोत आमच्या दोन गाद्यांमध्ये बसून गेले.

सातव्या दिवशी फोन आला. त्यांनी कॅमेरा लावून खोके उघडले होते. एकही व्हॉल्व्ह फुटला नव्हता, बोल्ट जागच्या जागी. त्यांना एकच विचारायचे होते. मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने काहीतरी लिहिले आहे, ते काय? फोटो पाठवला. अण्णांचे अक्षर. कुठल्या महिन्यात कोणता व्हॉल्व्ह बदलला आणि किती रुपये पडले, त्याच्या चार ओळी. मी कितीदा तो पुठ्ठा काढला होता, पण चष्म्याशिवाय.

आईला वाचून दाखवले. शेवटच्या ओळीतली रक्कम ऐकून ती म्हणाली, "मला तर त्यांनी निम्मीच सांगितली होती."

वाळवीने खाल्लेला तो पुठ्ठा बदलणार होते. आता तसाच ठेवतो, असे त्या गृहस्थांनी कळवले आहे. कंडेन्सर बदलायचे काम चालू आहे. लागला की फोनवर ऐकवतील. तमिळ स्टेशन लागले तरी चालेल, असे आईने सांगून ठेवले आहे.