गच्चीवरचा पावटा
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील मनोगत)



पावट्याचं हे बी माझ्या सासूबाईंनी गावाहून आणलेलं. जूनमध्ये लावलं की दसऱ्यापर्यंत नुसता पाला! “वहिनी, काढून टाका तो वेल,” असं इथल्याच काहींनी सुचवलं होतं. (नावं घेत नाही.) पण देशी पावटा दिवस लहान झाल्याशिवाय फुलतच नाही, त्याला मी काय करणार?

बियाण्याच्या शेंगा वेलावरच वाळू द्यायच्या. आत दाणे खुळखुळले की सोलून, ऊन दाखवून राखेत घोळवून डब्यात ठेवायचे. राख आपल्याच होळीची.

एका वर्षी कंटाळा केला, राख राहिली. जूनमध्ये डबा उघडला तर दाण्यादाण्याला भोक. सासूबाई तोवर गेलेल्या, गावी शेतीही उरली नव्हती. रडूच आलं. तेव्हा तळमजल्यावरच्या काकूंनी मूठभर दाणे आणून दिले. आदल्या वर्षी मीच त्यांना दिले होते, विसरून गेले होते!

आज दाराशी पुड्या ठेवल्या आहेत. वेल काढा म्हणणाऱ्यांनीही न्याव्यात. प्रत्येकीत दहाच दाणे आहेत, तेवढ्यात उसळ होत नाही.