जात्याचा खुंटा

(8 मार्च रोजी वीर येथे, देवळातील महिला दिनाच्या कार्यक्रमात टाळकरी मंडळींच्या वतीने केलेले भाषण)



आज महिला दिन. शताब्दीचं वर्ष आहे, तेव्हा दिंडीतल्या ज्येष्ठ माउल्यांचा साडी-चोळी आणि नारळ देऊन सत्कार करावा, असं आम्ही मंडळींनी ठरवलं. सत्कार आता होईलच. पण त्याआधी आम्हाला थोडं मन मोकळं करायचं आहे.

हा 8 मार्च आला कुठून? 1910 साली कोपनहेगनला कामकरी बायकांची परिषद भरली. तिथे क्लारा झेटकिन ह्या बाईने मांडलं की बायकांच्या हक्कासाठी वर्षात एक दिवस असावा. 1917 साली रशियात 8 मार्चलाच बायका भाकरीसाठी रस्त्यावर उतरल्या. पुढे 1975 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने हा दिवस पाळला. म्हणजे ह्या दिवसाचं मूळ आहे कामात आणि भाकरीत.

आणि काम म्हटलं की आम्हा वारकऱ्यांना जनाबाई आठवते. गंगाखेडची पोर, पंढरपुरात नामदेवरायांच्या घरी आली आणि दासी म्हणून राबली. दळण, कांडण, झाडलोट, पाणी, शेणी. गोपाळपूरला गेलेल्यांनी तिचं जातं पाहिलं असेल. आता बघा माउली, विठ्ठलाला जनीचं कौतुक होतं ना? मग त्याने काय केलं? हार घातला? तिच्या नावाचा जयजयकार केला? तो तिच्या समोर बसला, जात्याच्या खुंट्याला हात घातला आणि दळू लागला. आपल्या परंपरेत बाईचा सत्कार कसा करायचा, हे देवाने असं दाखवून ठेवलं आहे. आम्ही शंभर वर्षं ही कथा कीर्तनात ऐकली, डोळे पुसले, आणि घरी जाऊन पाटावर बसलो, जेवायला.

संप्रदायाने बाईला अभंगाचा अधिकार फार लवकर दिला. मुक्ताई चौघा भावंडांत धाकटी. ताटी लावून बसलेल्या ज्ञानोबारायांची समजूत तिने काढली, आणि चांगदेवांसारख्या योग्याने तिला गुरू केलं. सोयराबाई चोखोबांची बायको, निर्मळा त्यांची बहीण. ज्या घराला देवळाचा उंबरा बंद होता, त्या घरातल्या ह्या बायांनी अभंग रचले, आणि विटाळ म्हणजे नेमकं काय, हे सोयराबाईने देवालाच विचारलं. बहिणाबाईंनी तुकोबारायांना गुरू मानलं म्हणून नवऱ्याचा मार खाल्ला. ज्ञानदेवांनी पाया घातला आणि तुकोबा कळस झाले, हे जे चित्र आपण प्रत्येक कीर्तनात उभं करतो, ते त्यांच्याच अभंगातलं. म्हणजे आपल्या संप्रदायाचं मंदिर शब्दात बांधलं एका बाईने.

आपली दिंडी सुरू झाली त्याच काळात इथे जवळच, महाडला, मोठी गोष्ट घडत होती. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी हाती घेतलं. त्याच वर्षी 25 डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली. त्या परिषदेला बायकाही आल्या होत्या, आणि बाबासाहेब त्यांच्याशी वेगळे बोलले. अंगावरची जुनी खूण टाका, नीटनेटकं लुगडं नेसा, मुलींना शिकवा, असं सांगितलं. आज कित्येक लोक 25 डिसेंबर हा स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात. महिला दिन आपल्याला लांबून आणायची गरज नव्हती, तो आपल्या तालुक्यातच होता.

आता आमच्या घरची गोष्ट. ही स्मरणिका काढायची म्हणून आम्ही ट्रंकेतून दिंडीच्या जुन्या वह्या काढल्या. काही वाळवीने खाल्लेल्या, काही पुराच्या पाण्याने चिकटलेल्या. सप्ताहाच्या वह्या मात्र बऱ्याच शाबूत. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते, म्हणून कोणाचा पहारा कधी, हे त्यात लिहिलेलं असतं. आम्ही पानांमागून पानं उलटली. बाईचं नाव पहाऱ्यात कुठेच नाही. तांदळाच्या, नारळाच्या यादीत दिसतात, तेही ‘अमक्याची मंडळी’, ‘तमक्याची आई’ असं.

आणि खरं काय होतं, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आधी पुरुष माणसं मुंबईला गिरणीत. 1993 ला रोह्याहून रेल्वे पहिल्यांदा वीरपर्यंत आली, तशी मुंबई आणखी जवळ झाली. काही महाडच्या कारखान्यांत लागले. दुपारचा पहारा कोण देणार? वीणा खाली कशी ठेवणार? तेव्हा चुलीवरची भाकरी उतरवून, हात धुऊन बायांनी वीणा गळ्यात घेतली. संध्याकाळी आम्ही ड्युटीवरून आलो आणि वहीत नाव लिहिलं घरधन्याचं. लबाडी करावी असं कोणाच्या मनात नव्हतं. पण तसंच लिहायची रीत होती, आणि रीत आम्हीच पाडली होती.

वारीचंही तेच. आळंदीहून माउलींची पालखी हलते तेव्हा आपल्याकडे राब हिरवे झालेले असतात. एकादशी येते ती ऐन लावणीत. आम्ही पताका घेऊन निघायचो आणि मागे गुडघाभर चिखलात, इरलं डोक्यावर घेऊन लावणी कोण करायचं? आम्ही परत आलो की गावभर पाया पडून घ्यायचो. जिने शेत उभं केलं तिला आम्ही प्रसादाचे चुरमुरे द्यायचो, मूठभर.

ज्या माउल्या दिंडीत चालल्या त्यांनाही विणेकऱ्याच्या मागे तुळस आणि पाण्याचा हंडा डोक्यावर. मुक्कामाला पोचल्यावर आमचे पाय सैल, त्यांची चूल सुरू.

एका आजींना आम्ही विचारलं, तुमचं नाव स्मरणिकेत काय घालू? त्या हसल्या, म्हणाल्या, “घाला की घरच्यांचं.” आम्ही म्हटलं, तुमचं स्वतःचं सांगा. तर थोडा वेळ गप्प राहिल्या. मग माहेरचं नाव सांगितलं. म्हणाल्या, “ह्या नावाने हाक मारणारं आता कोणी राहिलं नाही.” माउली, त्या दिवशी आम्हाला रात्री झोप लागली नाही.

म्हणून आम्ही मंडळींनी तीन गोष्टी ठरवल्या आहेत. ह्या स्मरणिकेत वीणा धरलेल्या, तुळस वाहिलेल्या माउल्यांची यादी त्यांच्या स्वतःच्या नावाने छापायची. आठवणीने जेवढी सापडतील तेवढी घालू, आणि खाली काही ओळी मोकळ्या ठेवू. घरी गेल्यावर आपल्या आजीचं, पणजीचं नाव ज्याने त्याने हाताने लिहावं. दुसरं, यंदाच्या सप्ताहापासून ज्याच्या गळ्यात वीणा, त्याचंच नाव वहीत. तिसरं, वारीत मुक्कामाच्या स्वयंपाकाला पुरुषांच्या पाळ्या. पंढरपूरच्या मंदिर समितीने 2014 साली पुजारी नेमताना बायकांनाही घेतलं. तिथे देवाला चालतं, तर आपल्या दिंडीला का चालू नये?

काही जुनी मंडळी कुरकुर करतील. करू द्या, त्यांनाही आम्ही पीठ मळायला बसवू.

आजचा महाप्रसाद पुरुष मंडळींनी केला आहे. भात खालून थोडा लागला आहे, आमटीत मीठ पुढेमागे झालं असेल. पदरात घ्या. एक दिवस रांधलं म्हणजे जनीचं दळण संपलं असं नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण खुंट्याला हात घातला आहे. तो आता सोडणार नाही, एवढं ह्या देवळात, तुमच्यासमोर कबूल करतो.

रामकृष्ण हरि!