दंड सारखा, शिक्षा मात्र विषम



तंजावरच्या कावेरीकाठच्या खेड्यांत जमीनदार एकेकाळी शेतमजुरांना चाबकाने फोडीत, शेणपाणी पाजीत. 1940 च्या दशकात किसान सभेने त्या शिक्षांविरुद्ध झुंज दिली. आज त्याच खेड्यांत दंड येतो तो सरकारी पावतीवर.

2019 च्या मोटार वाहन (दुरुस्ती) कायद्याचे वाढीव दर तामिळनाडूने ऑक्टोबर 2022 अखेर लागू केले: हेल्मेट नसल्यास 100 ऐवजी 1000 रुपये, परवाना नसल्यास 500 ऐवजी 5000. त्या वर्षी तेथे रोजगार हमीची मजुरी होती दिवसाला 281 रुपये. म्हणजे परवान्याचा दंड तेव्हा मजुराचे जवळजवळ 18 दिवसांचे श्रम गिळत होता! मोटारीतून फिरणाऱ्या जमीनमालकाला तीच रक्कम किरकोळ.

हेल्मेट प्राण वाचवते. त्याला विरोध असण्याचे कारणच नाही. जनतेचा रोष आहे तो या खोट्या समानतेवर. फिनलंडमध्ये (आणि तो काही समाजवादी देश नव्हे) 1921 पासून उत्पन्नाच्या प्रमाणात दंड आकारण्याची पद्धत आहे. गुजरातने 2019 सालीच अनेक दर उतरविले. महाराष्ट्राने डिसेंबर 2021 पर्यंत वाढ रोखून धरली. तडजोडीची रक्कम ठरविण्याचा अधिकार कायद्याच्या कलम 200 नेच राज्यांना दिला आहे. तामिळनाडू सरकारने तो मजुराच्या रोजाकडे पाहून वापरावा.