पुस्तकातले चित्र आणि गुरुजींचा शब्द



२०१९ साली बालभारतीने इयत्ता दुसरीच्या पुस्तकात एक चित्र छापले : आई आणि वडील दोघेही बसून भाजी निवडीत आहेत. चित्र साधे, परंतु पिढ्यानुपिढ्यांच्या समजुतीला धक्का देणारे. आम्ही त्याचे स्वागतच करतो. मात्र ते पान शिकवून झाल्यावर गुरुजी पुढच्याच तासाला ‘मुलीसारखा रडतोस काय?’ म्हणून पोराला दटावणार असतील, तर मुले चित्र विसरतील आणि शब्द लक्षात ठेवतील!

आणि हजेरीपटावर मुलगा, पण मनाने मुलगी, असे जे लेकरू मागच्या बाकावर अंग चोरून बसते, त्याने काय करावे? यल्लम्माच्या जत्रेत सौंदत्तीला जोगप्पांपुढे हात जोडणारी माणसे शाळेत अशा लेकराची टवाळी कशी करू शकतात, याचे आम्हांस नवल वाटते. स्वतःची लिंगओळख स्वतः ठरविण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मान्य केला; २०१९ च्या कायद्याने शाळांना भेदभावाची मनाई केली. पण हाक मारणार ते गुरुजीच. कोणत्या नावाने मारावी, हे त्या लेकरालाच विचारावे. चारचौघांत नव्हे, तास संपल्यावर, एकांतात.